पाठवण्याआधी विचारा

पुटी हा प्रोग्राम आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना नवा नाही. विंडोजच्या मशीनवरून दूरच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करायचं असलं की पुटी उघडायचं, सर्व्हरचा पत्ता टाकायचा. काळी खिडकी आणि तिच्यातला हिरवा कर्सर समोर येतो. सायमन टॅटम या ब्रिटिश प्रोग्रामरने तो लिहायला घेतला, १९९९पासून तो सर्वांसाठी खुला आहे आणि आजही त्याला पैसे पडत नाहीत. या प्रोग्रामसोबत एक इंग्रजी पुस्तिका मिळते. ती चांगली जाडजूड आहे आणि सलग वाचणारा माणूस विरळाच. अडलं की लोक हवं ते पान उघडतात, काम झालं की मिटतात. तिच्या शेवटी, परिशिष्टांमध्ये, पुटीच्या टीमला पत्र कसं लिहावं याची काही पानं आहेत आणि त्यांत मोठ्या फाइली पाठवण्याविषयीचा एक छोटा भाग आहे. छापला तर जेमतेम पानभर. पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटणारं तांत्रिक गद्य फार थोडं असतं. हे पान त्या थोड्यांत मोडतं.

सॉफ्टवेअर कंपनीच्या टेक्निकल सपोर्टशी ज्यांचा संबंध येतो त्यांना फाइलींचा हा व्यवहार चांगला ठाऊक आहे. प्रोग्राम बंद पडतो, आपण तक्रार नोंदवतो, तिकीट नंबर मिळतो आणि पहिल्याच उत्तरात मागणी येते: लॉग फाइल पाठवा, स्क्रीनशॉट पाठवा, ज्या फाइलवर अडलं ती मूळ फाइल पाठवा. आपणही हाताला लागेल ते सगळं झिप करून चढवतो. जितकं जास्त पाठवू तितकं काम लवकर होईल, अशी आपली समजूत असते. पुटीचं पान सुरुवातीलाच या समजुतीला हात घालतं. मोठी फाइल पाठवायचं मनात असेल तर तो विचार बहुधा चुकीचाच आहे, असं ते स्पष्ट बजावतं आणि त्याच दमात सुचवतं की निदान आधी विचारून घ्या, आम्हाला ती खरोखर लागणार आहे का. पुढे आणखी एक वाट दाखवतं: फाइल एखाद्या वेबसाइटवर ठेवून आम्हाला नुसता दुवा कळवा. म्हणजे गरज पडली तरच ती उतरवून घेतली जाईल, आणि तीही टीममधल्या एकाच जणाकडून.

'एकाच जणाकडून' हा तपशील नजरेतून सहज निसटतो, पण पानाचा जीव त्यात आहे. पुटीचा संपर्काचा पत्ता म्हणजे एक खासगी मेलिंग लिस्ट. तिथे आलेलं प्रत्येक पत्र टीममधल्या प्रत्येकाकडे जातं. आपण एक फाइल पाठवतो आणि तिच्या तितक्या प्रती होतात. याच परिशिष्टात थोडं आधी सांगून ठेवलं आहे की त्या यादीवर मोजकी चार-पाच माणसं आहेत, गोपनीय काही पाठवावं लागलं तर त्यांच्यावर भरवसा ठेवा, आणि आलेली पत्रं बाहेर कुणाला पाहायला मिळत नाहीत. चार किंवा पाच. या मोघम आकड्याने पत्त्यामागची माणसं दिसू लागतात. एरवी सपोर्टचा पत्ता म्हणजे एक निनावी खिडकी. पलीकडे कोण आहे, किती आहेत, आपलं पत्र कुणाच्या हाती पडणार, काहीच कळत नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाच्या वेळेची किंमत आपल्याला वाटत नाही. इथे मात्र फावल्या वेळात काम करणारी, मूठभर, पत्रांच्या ढिगापुढे थकलेली माणसं आहेत. प्रत्येक पत्राला उत्तर देणं आम्हाला जमत नाही, याचं वाईट वाटतं, पण इलाज नाही, असंही ती त्याच परिशिष्टात सरळ लिहून मोकळी होतात.

पानाची खरी कलाकुसर मात्र त्याच्या 'नको' म्हणण्यात आहे. वर्ड फाइल नको, विचारल्यावाचून स्क्रीनशॉट नको, बीएमपी चित्र नको, चालता प्रोग्राम नको, सगळा सोर्स कोड नको. एकापाठोपाठ पाच मनाया. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात शिरलं की भिंतीवर अशाच मनायांच्या पाट्या दिसतात आणि त्या पाटीपाशीच थांबतात. का मनाई, ते विचारायची सोय नसते. पुटीच्या पानावर एकही 'नको' कारणावाचून येत नाही. पत्र वर्डमध्ये पाठवू नका, कारण तोच मजकूर साध्या टेक्स्टमध्ये पाठवला तर त्याचा आकार सुमारे पन्नासपट लहान असतो. कारण टीममधले बहुतेकजण युनिक्स मशीनवर पत्रं वाचतात आणि एक फाइल उघडायला त्यांना ती विंडोजच्या मशीनवर न्यावी लागते. कारण त्यांतल्या काहींकडे वर्ड नाहीच. तीन कारणं, चढत्या क्रमाने. पहिलं गणिताचं, दुसरं गैरसोयीचं, तिसरं अशक्यतेचं. तिसऱ्यापाशी येईपर्यंत वाचणारा स्वतःहून फाइल बाजूला ठेवतो. कारण दिलं की वाचकाच्या शहाणपणाचा मान राखला जातो, आणि ज्या प्रसंगाचा उल्लेख पानावर नाही तिथेही कसं वागावं ते त्याला आपोआप कळतं. नियम पाठ करावा लागतो, कारण एकदा समजलं की पुरतं.

आता आकड्यांकडे. पुस्तिकेच्या जुन्या आवृत्तींमध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ४० किलोबाइटपेक्षा मोठं पत्र आलं तर ते यादीच्या व्यवस्थापकापाशी अडवलं जाईल आणि तेवढ्या आकाराच्या लायकीचं वाटलं तरच पुढे सोडलं जाईल. फोनमधला एक साधा फोटो आज दोन-तीन मेगाबाइटचा असतो, त्यामुळे हा आकडा तरुण वाचकाला अविश्वसनीय वाटेल. पण तो काळ डोळ्यांपुढे आणा. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढची कित्येक वर्षं आपण टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमचा तो चिरका आवाज ऐकत जोडले जात होतो. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्याचं पूर्ण रंगातलं बीएमपी चित्र घ्या. या प्रकारात आकसून घेण्याची सोय वापरलेली नसते; प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. म्हणजे २३ लाख ५९ हजार बाइट. सेकंदाला ५६ हजार बिटांच्या मोडेमवर, तार एकदाही अडखळली नाही असं धरलं तरी, ते उतरायला साडेपाच मिनिटं लागणार. शिवाय ईमेलमधून जाताना प्रत्येक तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे वेळ आणखी तिसऱ्या हिश्श्याने वाढला. एका एरर बॉक्सच्या चित्रासाठी, ज्यात वाचण्याजोगी ओळ एकच. तेच चित्र पीएनजी करून पाठवलं तर एकही ठिपका न गमावता ते कितीतरी लहान होतं. पान या हिशेबात शिरत नाही. बीएमपी आकसलेलं नसतं, पाठवण्यापूर्वी ते योग्य प्रकारात बदलून घ्या, एवढंच म्हणतं. पण लिहिणाऱ्याने ही मिनिटं मोजलेली आहेत, हे त्या दोन वाक्यांच्या आटोपशीरपणातून जाणवतं.

चालते प्रोग्राम, म्हणजे ज्यांच्या नावाशेवटी ईएक्सई असतं त्या फाइली, मुळीच पाठवू नका, व्हायरसच्या भीतीने आमचा सर्व्हर त्या परतच पाठवतो, असं सांगून पान तो विषय संपवतं. इथे बोलण्यासारखं काही नाही, म्हणून ते बोलत नाही.

सोर्स कोडविषयीची सूचना त्याहून रसाळ आहे. पुटीचा सोर्स कोड खुला असल्यामुळे काही प्रोग्रामर स्वतःच दोष दुरुस्त करतात आणि कौतुकाने सगळा कोड झिप करून धाडतात. टीम म्हणते, दहा ओळी बदलल्या असतील तर आम्हाला तीस ओळींचं पत्र हवं. जो कोड आमच्यापाशी आधीपासून आहे तो कित्येक मेगाबाइटांनी परत नको. मुद्रितशोधकाने एका वेलांटीची चूक दाखवायला अख्खी कादंबरी नव्याने टाइप करून प्रकाशकाकडे पाठवावी, तसा तो प्रकार होईल. पण दहाच्या तीस ओळी का? या व्यवसायात बदल कळवण्याची एक ठरलेली रीत आहे, तिला पॅच म्हणतात. जी ओळ काढली तिच्या आधी उणे चिन्ह, जी घातली तिच्या आधी अधिक चिन्ह, आणि वर-खाली न बदललेल्या दोन-तीन ओळी, जागा सापडावी म्हणून. दहा काढलेल्या, दहा घातलेल्या, दहा-एक आसपासच्या. असा हिशेब केला की तीस हा आकडा हवेतून आलेला वाटत नाही. असा पॅच वाचून मूळ फाइलीत तो बदल आपोआप करणारा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला आणि जगभरची माणसं एकमेकांना न भेटता एकाच प्रोग्रामवर काम करू लागली, त्यात त्याचा वाटा मोठा आहे. पॅच वाचताना वाचणाऱ्याची नजर थेट बदलावर पडते. पाठवणाऱ्याने निवडण्याचे कष्ट घेतलेले असतात, म्हणून वाचणाऱ्याला शोधण्याचे पडत नाहीत. सबंध पानाचा आग्रह हाच आहे.

स्क्रीनशॉटवरच्या परिच्छेदापाशी मात्र माझं आणि या पानाचं काहीसं जमत नाही, आणि ज्या लेखनावर प्रेम आहे त्याच्याशी मतभेदही मोकळेपणाने मांडावा. पान म्हणतं, चित्रातल्या माहितीची आम्हाला जवळजवळ कधीच गरज नसते. एरर काय आली ते शब्दांत लिहून कळवा. मग एक सुरेख युक्ती सांगतं: विंडोजच्या काही आवृत्तींत एरर बॉक्स समोर असताना कंट्रोल-सी दाबलं की त्यातला मजकूर कॉपी होतो. युक्ती आजही चालते, करून पाहा. नोटपॅडमध्ये पेस्ट केलं की तुटक रेघांची एक ओळ येते, खाली खिडकीचं नाव, पुन्हा रेघा, मग संदेश, पुन्हा रेघा आणि शेवटी ओके हे बटणसुद्धा अक्षरांत. चारशे बाइटांच्या आत सगळं. हा मजकूर शोधता येतो, दुसऱ्या तक्रारीशी ताडून पाहता येतो, आणि त्यातल्या लांबलचक सोळा-अंकी आकड्यातला एकही अंक चुकत नाही. आपल्याकडे यासाठी मोबाइलने पडद्याचा तिरका फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची पद्धत पडली आहे. त्यात ट्यूबलाइटची चकाकी असते, खिडकीची एक कड कापलेली असते आणि नेमका एरर कोडच धूसर आलेला असतो. इथपर्यंत पानाची बाजू पूर्ण बरोबर आहे.

पण हे पान ज्यांनी लिहिलं त्यांची लिपी रोमन. त्यांच्या जगात अक्षर कळवलं की त्याचं रूपही कळवल्यासारखं असतं. देवनागरीत तसं नाही. 'दुसऱ्या' हा रोजचा शब्द घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा र, मग हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं अजिबात न दिसणारं चिन्ह, मग य. नीट बनवलेल्या फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण एका तऱ्हेने टाइप केलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधायला गेलं तर साधा शोध त्याला ओळखत नाही. मतदारयादी असो, ग्रंथालयाची सूची असो की शब्दकोश, मराठीत 'शोधलं तर सापडत नाही' अशी तक्रार असेल तर हे कारण तपासून पाहावंच लागतं. अशा वेळी सपोर्टला नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर त्यातून काहीही कळणार नाही, कारण चित्रात दोन्ही शब्द एकच आहेत. तिथे टेक्स्टच हवं. पुटीची टीम शंभर टक्के खरी.

आता तक्रार उलटी धरा. तोच शब्द एखाद्या प्रोग्राममध्ये फुटून दिसतो: र सुटा, त्याच्या पायाशी हलन्त आणि य वेगळा. किंवा अर्ध्या रचा चुकून रफार होतो आणि 'दुसर्या' असं वाचावं लागतं. किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. हे आपण टेक्स्टमध्ये लिहून कळवलं, तर सपोर्टच्या माणसाच्या मशीनवर तो मजकूर त्याच्या फॉन्टमध्ये, त्याच्या प्रणालीच्या नियमांनी जोडला जाऊन अगदी शुद्ध दिसेल, आणि तो प्रामाणिकपणे उत्तर देईल की आमच्याकडे तर बरोबर दिसतंय. त्याची चूक काहीच नाही. दोष अक्षरांत नव्हताच, अक्षरं जोडण्यात होता, आणि जोडणी त्याच्याकडे नव्याने झाली. इथे स्क्रीनशॉटला पर्याय नाही. चित्र, तोच मजकूर टेक्स्टमध्ये, आणि फॉन्टचं नाव व आवृत्ती, ही तिन्ही एकत्र गेली तरच मराठी मजकुराची तक्रार पूर्ण होते. त्यातही चित्र पीएनजी असावं. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडा फेसाळतात आणि अनुस्वार की फॉन्टचा डाग, हेच ठरेनासं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचंच झालं तर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाकावं, म्हणजे ते दाबलं जात नाही. आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात बांधलेला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. डीटीपीवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून ते फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ सोबत देतात. छापखान्याच्या अनुभवातून आलेली ही शिस्त पुटीच्या पानावर नाही, ती आपली आहे.

त्या ४० किलोबाइटांचंही तसंच. इंग्रजीत तेवढ्या जागेत सहा-साडेसहा हजार शब्द मावतात. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा युटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइट घेते, त्यामुळे आपल्या वाट्याला दोन-सव्वादोन हजार शब्दच येतात. तक्रारीला तेवढेही पुष्कळ झाले, पण मोजपट्टी कुणाच्या लिपीसाठी कापली होती ते दिसतं.

पानाच्या एका कोपऱ्यात गुपिताची गोष्ट आहे. पाठवायच्या फाइलीत गोपनीय काही असेल तर ती आमच्या सुरक्षित संपर्काच्या चावीने बंद करून पाठवा, म्हणजे टीमशिवाय ती कुणाला उघडणार नाही, असं टीम सांगते. याचा धागा पुस्तिकेत दूरवर, लॉग फाइलींच्या प्रकरणात सापडतो. पुटी आपल्या आणि सर्व्हरच्या संभाषणाचा सगळा लॉग लिहून ठेवू शकतं, आणि दोष शोधायला तो अमूल्य असतो. पण आपला पासवर्डही त्या संभाषणाचाच भाग. म्हणून तिथे एक पर्याय दिला आहे: ज्ञात पासवर्ड वगळा. तो सुरुवातीपासून चालू ठेवलेला असतो. यातला 'ज्ञात' हा शब्द किती जबाबदारीने घातला आहे ते पुढच्या खुलाशावरून कळतं. पुटीला जो पासवर्ड म्हणून ओळखता येतो तेवढाच वगळला जाईल. लॉगिन झाल्यावर आतून तुम्ही आणखी कुठल्या मशीनवर शिरलात, तर तो दुसरा पासवर्ड लॉगमध्ये उघडा पडेल, हे पुस्तिका स्वतःहून सांगते. त्यासाठी सगळं संभाषणच गाळणारा आणखी एक पर्याय शेजारी आहे. आपल्या सोयीची मर्यादा कुठे संपते, हे ग्राहकाने विचारायच्या आधी सांगणारी पुस्तिका मला अतिशय आदरणीय वाटते.

या काळजीचं मोल २०२३ साली साऱ्या जगाला कळलं. ऑक्टा ही अमेरिकी कंपनी इतर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची लॉगिनं सांभाळते. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिच्या सपोर्ट विभागाच्या यंत्रणेत परक्यांचा शिरकाव झाला. तिथे ग्राहकांनी सपोर्टच्या सांगण्यावरून चढवलेल्या हार फाइली होत्या. ब्राउझर एखाद्या वेबसाइटशी जे काही बोलतो त्या सगळ्याची नोंद म्हणजे हार फाइल. दोष शोधायला उत्तम. पण तिच्यात कुकीही असतात, आणि लॉगिन झालेल्या माणसाची कुकी हाती लागली की पासवर्ड न विचारता आत शिरता येतं. ऑक्टाने जाहीर केलेल्या माहितीनुसार १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत ते पोहोचले आणि त्यांतल्या ५ ग्राहकांच्या चालू लॉगिनांचा त्यांनी ताबा घेतला. बियॉन्डट्रस्ट या सुरक्षाक्षेत्रातल्याच कंपनीच्या व्यवस्थापकाने २ ऑक्टोबरला अशी फाइल चढवली होती. अर्ध्या तासाच्या आत तिच्यातली कुकी वापरून कुणीतरी दार ठोठावलं. ते वेळीच लक्षात आलं म्हणून पुढचं टळलं. त्यानंतर क्लाउडफ्लेअरने हार फाइलीतली गुपितं गाळून देणारं एक साधन सर्वांसाठी खुलं केलं. ज्या माणसाने फाइल चढवली त्याने सपोर्टने सांगितलं तेच केलं होतं. मागणाऱ्याने काय मागतो आहोत ते ओळखायला हवं होतं, आणि पाठवणाऱ्याने फाइलीत काय आहे ते एकदा उघडून बघायला. पुटीची पुस्तिका या दोन्ही गोष्टी त्याच्या कितीतरी वर्षं आधी शांतपणे सांगत होती.

टॅटम यांनी १९९९ मध्येच दोष कसा कळवावा यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. हे पान त्याचं धाकटं भावंड आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर अधिक खुलतात. त्या निबंधातही फाइलींचा विषय आहे. प्रोग्राम कोसळताना मागे राहणारा कोअर डंप फेकू नका, तो पुरावा आहे. पण न विचारता पाठवूही नका, आणि त्यात तुमची गुपितं असू शकतात हे ध्यानात ठेवा. पण मला त्यात सर्वांत आवडतो तो मुंगसाचा दाखला. एका मैत्रिणीच्या वर्ड फाइली चुकून पुसल्या गेल्या. घाबरून तिने वर्ड पुन्हा टाकून पाहिलं, मग डिस्क आवरण्याचा प्रोग्राम चालवला, आणि ज्या फाइली कदाचित परत मिळाल्या असत्या त्याही कायमच्या गेल्या. असा माणूस कोपऱ्यात सापडलेल्या मुंगसासारखा आंधळा हल्ला चढवतो. त्यापेक्षा हरणासारखं जागच्या जागी थिजून आधी विचार करावा, असं टॅटम सुचवतात.

मराठी वाचक या दाखल्यापाशी क्षणभर अडखळेल. आपल्या मनातलं मुंगूस शूर असतं, सापाला पुरून उरतं, वाटेत आडवं गेलं तरी शुभ मानतात. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, ज्याचं नावच अपरीक्षितकारक, ब्राह्मणीने पाळलेलं मुंगूस पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं आणि ती ते रक्ताळलेलं तोंड पाहून, आत डोकावण्याआधीच, त्याचा जीव घेते. तिथे घाई माणसाची आणि मुंगूस बळी. पण गोष्ट जे बजावते तेच टॅटमही बजावतात: आधी पाहा, मग हात चालवा. पाळण्यातलं बाळ एकदा बघितलं असतं तर. डिस्कला हात लावला नसता तर. इंग्लंडातला प्रोग्रामर आणि विष्णुशर्मा यांना जोडणारा हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. फाइल सपोर्टला पाठवायची तर ती आधी जशीच्या तशी राहिली पाहिजे. दुरुस्तीच्या खटपटीत पुरावा पुसला गेला की पलीकडचा माणूस कितीही हुशार असो, त्याच्या हाती काही लागत नाही.

या पानाचा सूर करडा आहे, हे कबूल करायला हवं. पहिल्यांदाच मदत मागणाऱ्या, इंग्रजीची भीती वाटणाऱ्या माणसाला ते वाचून आपण त्रास देतो आहोत असं वाटू शकतं. पण जिथे जिथे ते कठोर होतं तिथे कारण देतं, आणि जिथे विश्वास मागतं तिथे आधी स्वतःची माणसं पुढे करतं. त्यामुळे माझं मत त्याच्या बाजूने आहे. पुटीचं परिशिष्ट बी इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, जरूर वाचा.

आणि मराठी फॉन्ट, कीबोर्ड, शब्दकोश, हिशेबाचे आणि कार्यालयांचे प्रोग्राम बनवणाऱ्यांना एक विनंती. आपल्या ग्राहकांसाठी असं एक पान मराठीत लिहा. काय पाठवावं, किती पाठवावं, मजकूर टेक्स्टमध्ये आणि चित्र पीएनजीमध्ये दोन्ही का हवेत, फॉन्टचं नाव आणि आवृत्ती कुठे बघायची, लॉगमधलं काय पुसून मग पाठवायचं आणि फाइल कुणाच्या हाती पडणार आहे, हे सगळं त्यात सांगा. प्रत्येक सूचनेपुढे तिचं कारणही लिहा.